नामदार गोखले यांचे शिक्षण-विधेयक

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. पितृछत्र लवकर हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा अवघे १५ रुपये वेतन मिळे. त्यांतील ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी धाडीत. एका मुलाच्या शाळेपायी घराला काय सोसावे लागते, हे गोखल्यांना असे बाळपणीच कळले.

पुढे ते पदवीधर झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाले आणि मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले. तेथे १९०१ साली जमीन-महसुलाच्या विधेयकावरून सर फिरोजशहा मेहता सभात्याग करून निघाले, तेव्हा गोखलेही त्यांच्यासह उठले. पण त्यांचा खरा पिंड ठाण मांडून बसण्याचा, असे आम्हांस वाटते. त्याची साक्ष व्हाइसरॉयांच्या वरिष्ठ कायदेमंडळात पटली.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव तेथे मांडला. सरकारने विचाराचे आश्वासन दिले, म्हणून तो मागे घेतला. वर्ष गेले, काहीच घडले नाही. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणले. ते किती जपून रचलेले होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. तीही पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील अशाच ठिकाणी. तीही नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने मागितली आणि प्रांतिक सरकारने मान्य केली तरच! मुलींचा विचार मागाहून. (आमच्या वर्गातील मुलींना हे रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही.) विरोधकांना बोट ठेवण्यास जागा उरू नये, म्हणून त्यांनी आपल्याच मागणीला एवढी कात्री लावली होती.

विधेयक मतांसाठी देशभर फिरले. अधिवेशन मार्चअखेर आटोपत असे. ते संपत आले असता १८ व १९ मार्च १९१२ रोजी त्यावर वाद झाला. विधेयक प्रवर समितीकडे जावे, एवढेच गोखल्यांचे मागणे होते. पंडित मालवीय व बॅरिस्टर जिना यांनी पाठिंबा दिला. सरकार खर्चाची व अकालीपणाची सबब सांगत होते; काही हिंदी सभासदही सरकारच्या बाजूस गेले. विधेयक पडणार, हे गोखले जाणून होते व तसे त्यांनी बोलूनही दाखविले. तरीही प्रत्येक आक्षेपाला त्यांनी अंकांनिशी उत्तर दिले. या वेळी ते उठून गेले नाहीत. मते मोजली गेली : अनुकूल १३, प्रतिकूल ३८.

मधुमेहाने पोखरलेले ते शरीर १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात विसावले. वय अवघे ४८. विधेयकाचा गाभा मात्र मागे राहिला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतातील नगरपालिकांसाठी तसा कायदा संमत करून घेतला. १९२० साली मध्यप्रांताचाही प्राथमिक शिक्षण कायदा झाला. आमचा बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा अमलात आला, तो १ एप्रिल २०१० रोजी.