मंजुरी होती, पण अटींसह

जॉन केनेडी हे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रे येतात. डल्लासच्या रस्त्यावरची उघडी मोटार, क्यूबातील क्षेपणास्त्रांपायी जगाने रोखून धरलेला श्वास, चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प. परदेशी मालामुळे ज्याची गिरणी बंद पडली, त्या मजुराचे चित्र मात्र यांत सहसा नसते. वास्तविक या मजुरासाठी केनेडी यांनी दोनदा प्रयत्न केले. एकदा सेनेटर म्हणून आणि एकदा राष्ट्राध्यक्ष म्हणून. दुसऱ्या खेपेला कायदाही झाला. त्या कायद्याची कहाणी मात्र त्यांच्या इतर पराक्रमांच्या गर्दीत हरवून गेली.

केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ चा, बॉस्टनशेजारच्या ब्रुकलाइनचा. नऊ भावंडांतले ते दुसरे. वडील जोसेफ गडगंज श्रीमंत, पुढे लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. उद्याच्या जेवणाची भ्रांत म्हणजे काय, हे या घरातल्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रकृतीने मात्र जॉनना कधी सुख दिले नाही. पाठीचे दुखणे जन्मभर पुरले. तरीही ते नौदलात गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये पॅसिफिकमध्ये त्यांची छोटी बोट जपानी विनाशिकेने चिरली, तेव्हा जखमी सहकाऱ्याला ओढत त्यांनी पोहून बेट गाठले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ युद्धात गेला आणि वडिलांनी त्याच्यासाठी योजलेले राजकारण धाकट्याच्या वाट्याला आले.

१९४६ मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले. मतदारसंघ बॉस्टन परिसरातल्या कष्टकरी वस्त्यांचा होता. १९५२ मध्ये ते सेनेटवर गेले, आणि आता साऱ्या मॅसॅच्युसेट्सचे प्रश्न त्यांच्या दारी आले. लॉवेल, लॉरेन्स, फॉल रिव्हर ही कापडगिरण्यांवर वाढलेली गावे. गिरणीमालक स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडच्या राज्यांत जात होते आणि मागे बंद चाळे व रिकामे हात उरत होते. १९५३ मध्ये केनेडी यांनी सेनेटमध्ये न्यू इंग्लंडच्या या दुखण्यावर सविस्तर भाषणे केली.

नेमक्या याच सुमारास अमेरिकेत आयातशुल्क कमी करण्याचा विचार चालू होता. त्यासाठी नेमलेल्या रँडल आयोगावर पोलाद कामगारांचे नेते डेव्हिड मॅकडोनाल्ड हेही होते. १९५४ मध्ये आयोगाचा अहवाल आला, तेव्हा मॅकडोनाल्ड यांनी एक वेगळी सूचना मांडली. शुल्क उतरवल्याने देशाचा फायदा होत असेल तर जरूर उतरवा. पण त्यापायी ज्यांची नोकरी जाईल, त्यांना सरकारने सावरावे. हिशेब सरळ होता. स्वस्त सदऱ्याचा लाभ कोट्यवधी गिऱ्हाइकांत वाटला जातो, तोटा मात्र एखाद्या गावातल्या चारदोनशे घरांवर कोसळतो. सगळ्यांच्या लाभासाठी थोड्यांनी उपाशी का राहावे? आयोगाने ही सूचना स्वीकारली नाही. केनेडी यांनी मात्र ती उचलली आणि त्याच वर्षी सेनेटमध्ये विधेयक आणले. ते संमत झाले नाही.

१९६० च्या निवडणुकीत पक्षाची उमेदवारी मिळवताना ते वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींच्या मुलखात हिंडले. तिथली बेकारी आणि उपासमार त्यांनी जवळून पाहिली. जानेवारी १९६१ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे हाती येताच त्यांनी काढलेला पहिला आदेश गरजू कुटुंबांना मिळणारे धान्य वाढवण्याचा होता, ही गोष्ट बोलकी आहे.

त्यांना व्यापारही वाढवायचा होता. युरोपची सामायिक बाजारपेठ उभी राहत होती आणि तिच्या भिंतीबाहेर राहणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. त्यासाठी देशातला विरोध शमवणे भाग होते. कापडधंद्याची समजूत घालण्यासाठी १९६१ मध्ये सुती कापडाच्या आयातीवर आंतरराष्ट्रीय कराराने मर्यादा आल्या. त्याच वाटेने पुढे ‘कोटा’ आला आणि २००४ अखेरपर्यंत भारताच्या कापडनिर्यातीच्या मानगुटीवर बसला. निर्यातदारांची कर्जप्रकरणे हाताळणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना तो चांगलाच परिचयाचा होता.

कामगारांची समजूत मदतीच्या वचनाने निघाली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडी यांनी व्यापारविस्तार कायद्यावर सही केली. बहुतेक शुल्के निम्म्यापर्यंत उतरवण्याच्या वाटाघाटींचा अधिकार त्यांना मिळाला. बदल्यात आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगाराला सरासरी पगाराच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता ५२ आठवडे मिळणार होता. शिवाय नवे काम शिकण्याची सोय आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवण्याचा खर्चही. देशातल्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने या वचनावर विसंबून कायद्याला पाठिंबा दिला होता.

आता बारीक अक्षरांतला मजकूर पाहू. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला मंजुरीपत्रात आकड्याआधी अटी वाचायची खोड असते. इथे अटी दोन होत्या. आयात वाढली ती मुख्यत्वे शुल्कसवलतीमुळेच वाढली, हे आधी सिद्ध करायचे. आणि नोकरी गेली तीही मुख्यत्वे त्या आयातीमुळेच, हे नंतर. ‘मुख्यत्वे’चा अर्थ असा लावला गेला, की बाकी सगळी कारणे एकत्र केली तरी त्यांहून हे एक कारण भारी ठरले पाहिजे. जुनी यंत्रे, बदललेली आवड, दक्षिणेतली स्पर्धा, यांतले काहीही आडवे येई. कोणत्या गिरणीचा मजूर असा पुरावा गोळा करणार?

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी यांची हत्या झाली. तोवर या योजनेतून एकाही कामगाराच्या हाती एक डॉलर पडला नव्हता. पुढेही अर्जांमागून अर्ज नामंजूर होत राहिले. शुल्कांचे काम मात्र पार पडले. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी वाटाघाटींची फेरी १९६७ मध्ये संपली आणि औद्योगिक मालावरची शुल्के सरासरी एकतृतीयांशाहून अधिक उतरली. कामगारांचा पहिला अर्ज मंजूर व्हायला मात्र नोव्हेंबर १९६९ उजाडला. सौदा दोन पायांवर उभा होता. त्यांतला एकच चालला. तोवर कामगार संघटनांचाही विश्वास उडाला होता. खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिलेले त्यांचे नेते सत्तरीच्या दशकात विरोधात गेले आणि या मदतीला उत्तरक्रियेचा खर्च म्हणून हिणवू लागले.

१९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या. शुल्कसवलतीशी संबंध जोडण्याची गरज उरली नाही. नोकरी जाण्यात आयातीचा वाटा महत्त्वाचा असला की पुरे झाले. मग लाखो कामगारांना, विशेषतः १९८० च्या सुमारास मोटारधंद्यातल्यांना, मदत मिळाली. १९८१ मध्ये रेगन सरकारने तिला कात्री लावली, नंतर ती पुन्हा वाढली, आणि मुदत न वाढवल्याने १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांची मंजुरी थांबली.

केनेडी यांच्या हेतूत खोट होती, असे मला वाटत नाही. धनिकाघरच्या या मुलाला दुसऱ्याच्या चुलीची काळजी होती, हे त्यांच्या कारकिर्दीतून दिसते. परंतु काळजी कागदावर उतरताना तिचा पुरावा मागितला जातो, आणि तो नेहमी नडलेल्याकडेच मागितला जातो. त्याच्या घरचे भाडे, मुलांच्या शाळा, दुकानदाराची उधारी हे सारे थांबत नाही. सात वर्षांनी मंजूर झालेला अर्ज त्या घरापर्यंत पोहोचतो, तेव्हा दार उघडायला तिथे तेच माणूस असेल, याची हमी कोणत्या कायद्यात लिहिता येते?