मलिक अंबर : विकले गेलेले बालपण



आपल्यापैकी अनेकांचा दिवस पुणे-नाशिक मार्गावर सुरू होतो आणि तेथेच मावळतो. भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातील पहाटेचे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. पहिल्या पाळीच्या बसगाड्या धावत असतात, मालवाहू कंटेनरांची रांग लागलेली असते आणि चौकात कामाच्या प्रतीक्षेत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मजूर उभे असतात. त्यांत ओठांवर मिसरूडही न फुटलेली मुले असतात. ठेकेदार येतो, बोटाने माणसे मोजतो आणि घेऊन जातो. त्यांची नावे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. आपणही दुकानाचे शटर उघडताना किंवा मुलांना शाळेत सोडताना त्यांच्याकडे पाहतो आणि पुढे जातो.

याच चाकणमध्ये संग्रामदुर्ग या भुईकोट किल्ल्याचे अवशेष आहेत. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शास्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढविला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. या किल्ल्याची पहिली बांधणी एका हबशी सरदाराने केली, अशी एक जुनी आख्यायिकाही आहे. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवू. मात्र याच मार्गाने उत्तरेला गेले की जुन्नर लागते, आणि सुमारे चारशे वर्षांपूर्वी त्या जुन्नरमधून या मुलखाचा कारभार एक हबशी पुरुष चालवीत होता, हा इतिहास आहे. तो पुरुष बालपणी बाजारात विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर. आज त्याच्या पराक्रमापेक्षा त्याच्या बालपणाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

इसवी सन १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, या मुलाचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहान वयातच तो आईबापांपासून तुटला आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राच्या काठावरील मोखा बंदरात त्याची विक्री झाली. पुढे अनेक वर्षांनी एका डच व्यापाऱ्याने मलिक अंबर यांची भेट घेतली, तेव्हा त्याने त्या विक्रीची किंमतही नोंदवून ठेवली : ऐंशी गिल्डर. क्षणभर विचार करा. आपल्या घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे पाहा. त्याची भाषा कोणास कळत नाही, त्याचे गाव कोठे आहे हे कोणी विचारत नाही, आणि त्याचे मोल एका परक्या नाण्यात ठरते.

मोख्याहून तो बगदादला आला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्यास विकत घेतले. मुलाची बुद्धी त्याच्या ध्यानात आली. त्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, दीनची ओळख करून दिली आणि अंबर हे नाव दिले. त्या काळी गुलामांना सुगंधी द्रव्यांची आणि रत्नांची नावे देण्याची रीत होती : अंबर, काफूर, याकूत. ही नावे ऐकावयास गोड वाटतात; पण ज्या वस्तू पैसे देऊन विकत घेता येतात, त्यांचीच ही नावे आहेत, हे विसरता येत नाही. तरीही मीर कासिमने केलेली एक गोष्ट पुढे निर्णायक ठरली. विकत घेतलेल्या मुलाकडून नुसते काम करून न घेता त्याने त्याच्या हाती अक्षर दिले. धनी बदलला की अंगावरची वस्त्रे काढून घेता येतात, शिकलेले अक्षर काढून घेता येत नाही.

पुढे दख्खन आले. १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तेथील पेशवा चंगेजखान याने त्यास विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एके काळी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम होते. दख्खनच्या सुलतानांना व सरदारांना असे शिपाई हवे असत. ज्याला येथे आप्त नाहीत, जात नाही, वतन नाही, तो धन्याशीच एकनिष्ठ राहील, असा त्यामागचा हिशेब होता. या हिशेबातील क्रौर्य उघड आहे : माणूस एकाकी आहे, हीच त्याची उपयुक्तता. मात्र या व्यवस्थेत एक फटही होती. गुणी गुलामाला जबाबदारी मिळे. पेशव्याच्या पदरी राहून दरबार, फौज आणि राज्यकारभार कसा चालतो, हे तरुण अंबरने जवळून पाहिले.

थोड्याच वर्षांत चंगेजखान मृत्यू पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. इतिहासाच्या ग्रंथांत या स्त्रीसाठी एखादीच ओळ असते. युद्धांना पाने मिळतात, सनदांना पाने मिळतात. गुलामाला मोकळे करणाऱ्या विधवेला एक ओळ. परंतु वाचकहो, ती एक कृती झाली नसती, तर पुढील पन्नास वर्षांचा दख्खनचा इतिहास वेगळा झाला असता.

मुक्ती मिळाली म्हणून वैभव मिळाले नाही. पुढची सुमारे वीस वर्षे अंबर यांनी साध्या शिपाईगिरीत काढली. ते विजापूरच्या आदिलशाहीत गेले, तेथे त्यांना मलिक हा किताब मिळाला, आणि १५९५ मध्ये दीडशे स्वारांसह ते अहमदनगरच्या चाकरीत परतले. तेव्हा मोगलांचा वेढा अहमदनगरवर येऊ घातला होता आणि चांदबीबी किल्ला लढविण्याची सिद्धता करीत होत्या. १६०० साली अहमदनगर पडले. अनेक उमराव मोगलांना मिळाले. मलिक अंबर यांनी विखुरलेले शिपाई गोळा केले, राजघराण्यातील एका तरुणाला मुर्तजा निजामशाह म्हणून परांड्यात गादीवर बसविले आणि आपली कन्या त्यास दिली. १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आली. तेव्हा मलिक अंबर यांचे वय साठीच्या घरात होते. ज्या वयात आपण निवृत्तीच्या गोष्टी करतो, त्या वयात त्यांचे खरे कार्य सुरू झाले.

त्या कार्याचे तपशील महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे आहेत. मोगलांच्या अवाढव्य फौजेसमोर समोरासमोरची लढाई टाळून, चपळ घोडदळाने रसद तोडण्याचे आणि डोंगराच्या आश्रयाने छापे घालण्याचे तंत्र त्यांनी मराठा सरदारांच्या साहाय्याने वाढविले. शिवाजी महाराजांचे पिताश्री शहाजीराजे त्यांच्या फौजेत लढले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा त्यांनी एकाच वेळी पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे एकाच निशाणाखाली लढत होते.

१६१० मध्ये त्यांनी खडकी हे नगर वसविले. पिंपरी-चिंचवडच्या वाचकांनी येथे आपल्या दापोडीपलीकडची खडकी समजू नये. ही खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे पाण्याची टंचाई होती. मलिक अंबर यांनी डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती व्यवस्था प्रसिद्ध आहे. पाणी गरिबाच्या दारापर्यंत पोहोचविणे ही अशी भलाई आहे की, करणारा मातीखाली गेल्यावरही तिचा लाभ लोकांना होत राहतो. असे सत्कर्म सदका-ए-जारिया ठरते, हे आपणांस सांगावयास नको.

परंतु या जीवनातील ज्या एका सुधारणेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, ती जमीन महसुलाची आहे. त्या काळी महसूल वसुलीचा इजारा दिला जाई. म्हणजे एखाद्या मुलखाच्या वसुलीचा हक्क जास्त बोली बोलणाऱ्यास मिळे. तो सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि मग रयतेकडून हवे तितके पिळून काढी. मलिक अंबर यांनी ही इजारेदारी मोडली. जमिनीची पाहणी करविली, तिचा कस पाहून प्रतवारी लावली आणि पिकाच्या प्रमाणात सरकारचा वाटा ठरविला. आरंभी हा वाटा सुमारे दोन पंचमांश होता व धान्यरूपाने घेतला जाई. पुढे तो रोख आणि सुमारे एक तृतीयांश झाला. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलाकडे सोपविली आणि शेतकऱ्याचा जमिनीवरील मिरासी हक्क मान्य केला. मराठी दप्तरांत ही पद्धत मलिकंबरी या नावानेच ओळखली जाते. पुढे पुणे प्रांतात शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेव यांनी याच पद्धतीचा आधार घेतला. आज ज्या शेतांवर कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, त्या प्रांताच्या महसुलाची घडी अशा रीतीने त्यांच्या नावाशी जोडली गेलेली आहे.

आता दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहा. एक, मोख्याच्या बाजारात बोलीवर उभा असलेला मुलगा. दोन, बोलीवर जाणारी गावे त्या बोलीतून सोडविणारा प्रधान. ज्याने मोल लावले जाण्याचा अनुभव देहावर घेतला, त्याने रयतेचे मोल लावणारा मधला माणूस दूर केला. मला या जीवनाचा गाभा येथे दिसतो.

वाचकहो, येथे एक कटू गोष्ट टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या मुलाला बगदादमध्ये आणि अहमदनगरात विकत घेणारे मुसलमानच होते. आणि स्वतः मलिक अंबर सत्तेवर आल्यावर त्यांच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. जी व्यवस्था त्यांनी भोगली, ती त्यांनी मोडली नाही. महापुरुषांच्या चरित्रातून आपण फक्त गौरव उचलला, तर ते आपल्या सोयीचे होईल, हिताचे नव्हे. कुरआनने गुलाम मुक्त करणे हा चढणीचा कठीण मार्ग म्हटला, जकातच्या खर्चात गुलामांच्या मुक्तीसाठी वाटा ठेवला, अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करण्यास सांगितले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाताखालच्या माणसांना भाऊ म्हटले, आपण खातो ते त्यांस खावयास द्यावे, आपण नेसतो ते त्यांस नेसवावे, असे शिकविले. हजरत बिलाल हबशी (रजि.) यांना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मुक्त केले आणि तेच बिलाल (रजि.) पुढे प्रेषितांचे मुअज्जिन झाले. ही शिकवण हाती असूनही शतकानुशतके बाजार चालू राहिले. ज्यांना ती चढण चढावयाची होती, त्यांपैकी बहुतेकांनी ती टाळली. त्या विधवेने ती चढली.

बादशहा जहांगीर मलिक अंबर यांचा इतका द्वेष करी की, त्याच्या आत्मवृत्तात त्यांच्या काळ्या वर्णावरून अपशब्द आहेत, आणि त्यांच्या शिरावर बाण सोडणाऱ्या बादशहाचे चित्रही त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात तसा बाण कधीच लागला नाही. १६२६ मध्ये वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास त्यांना नैसर्गिक मृत्यू आला. त्यानंतर मोगल दरबाराच्याच इतिहासकाराने मान्य केले की, युद्धनेतृत्वात, न्यायात आणि कारभारात या गुलामाची बरोबरी करणारा दुसरा नव्हता. खुलताबादला त्यांची कबर आहे आणि जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची. वेरूळला सहलीस जाणारी कुटुंबे थोडी वाट वाकडी करून तेथे जाऊ शकतात. मुलांना कबर दाखवा, आणि कबरीत विसावलेला माणूस त्यांच्याच वयाचा असताना कोठे उभा होता, तेही सांगा.

आता पुन्हा आपल्या चौकात येऊ. आज माणसांचा तो बाजार कायद्याने बंद आहे. तरीही आपल्या वर्कशॉपमध्ये लेथजवळ उभा असलेला हेल्पर, हॉटेलात टेबल पुसणारा पोरगा, घरी भांडी घासणारी मुलगी यांच्याशी आपले वागणे कोणत्या रीतीचे आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आपण त्यास त्याच्या नावाने हाक मारतो, की नुसते छोटू म्हणतो? त्याची मजुरी घाम वाळण्याआधी देतो, की पुढच्या महिन्यावर ढकलतो? तो शाळेच्या वयाचा असेल, तर त्यास कामावर ठेवण्याचा अधिकार आपणांस मुळातच नाही. त्याची जागा वर्गात आहे. तो मोठा असेल, तर त्यास ड्रॉइंग वाचावयास, मोजमाप घ्यावयास, अर्ज भरावयास शिकविण्यासाठी दिवसातील अर्धा तास काढणे मालकास अशक्य नाही.

त्या हबशी मुलाच्या वाट्याला तीन माणसे आली. एकाने शिकविले, एकाने विश्वास टाकला, एकीने मुक्त केले. त्यांतील कोणासही ठाऊक नव्हते की, आपल्यासमोर उभा असलेला हा मुलगा उद्या एक नगर वसवील आणि एका प्रांताची घडी बसवील. आपणांसही ठाऊक नसते. उद्या सकाळी चौकातून जाताना निदान एकाला सलाम करा आणि त्याचे नाव, त्याचे गाव विचारा.

अल्लाह आपणां सर्वांस ती कठीण चढण चढण्याचे बळ देवो. आमीन.