डॉ. शंभूनाथ डे: कॉलऱ्याचे विष शोधणारे संशोधक

कॉलऱ्याचे जंतू जीवघेणे कसे ठरतात, याचे उत्तर हुगळी जिल्ह्यात १९१५ मध्ये जन्मलेल्या डॉ. शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात शोधले. जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी तेथे पाणी साठले. म्हणजेच जुलाब जंतूंनी सोडलेल्या विषामुळे होतात. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या या शोधनिबंधाचा संदर्भ सुरुवातीची काही वर्षे फारसा कोणी घेतला नाही; पुढे मात्र तोच या विषावरील संशोधनाचा पाया ठरला. १९८५ मध्ये डॉ. डे यांचे निधन झाले. नोबेल त्यांना मिळाले नाही.

हे विष शरीरातील पाणी व क्षार आतड्यावाटे बाहेर टाकते आणि त्यामुळेच रुग्ण दगावतो. म्हणून पाण्यासारखे जुलाब सुरू होताच ओआरएस द्या व डॉक्टरांना दाखवा.