एका अर्जाची गोष्ट : कै. डॉ. आनंदीबाई जोशी

दरवर्षीं उन्हाळ्याच्या तोंडीं आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी शिफारसपत्रें मागण्यास शिक्षकांकडे येऊं लागतात. कोणास पुण्यामुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत जागा हवी असते, तर कोणाची दृष्टि थेट समुद्रापलीकडे लागलेली असते. जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ. तेव्हां आपला अर्ज इतरांहून उठून दिसावा असें प्रत्येकास वाटणें स्वाभाविक आहे. मागें एकदां एक सालस विद्यार्थी मजकडे आला व आपण दोन वर्षें रुग्णसेवा केली असें मीं लिहून द्यावें, अशी त्यानें विनंति केली. तो रुग्णालयांत गेला होता खरा, पण दोनच रविवार. मीं तें लिहिलें नाहीं. मुलाचें तोंड उतरलें, आणि त्याच्या वडिलांसही माझा नकार रुचला नाहीं. त्या दिवसापासून आनंदीबाई जोशी यांनीं केलेल्या एका अर्जाची गोष्ट मुलांस व त्यांच्या आईबापांस सांगावी असें मनांत होतें. ती आज सांगतों.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. बालपण कल्याणास गेलें. वयाच्या नवव्या वर्षीं त्यांचें लग्न गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. गोपाळराव बिजवर होते, वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते व डाकखात्यांत नोकरीस होते. बायकोस शिकवावयाचेंच, असा त्यांचा हट्ट होता. ज्या काळीं मुलीच्या हातीं पाटी दिसली तरी शेजारीपाजारी नांवें ठेवीत, त्या काळीं त्यांनीं हा हट्ट धरला, हें त्यांचें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये. परंतु त्याबरोबर दुसरेंही सांगितलें पाहिजे. अभ्यासांत कसूर झाली कीं ते त्या लहान मुलीस मारीत, हातीं लागेल तें फेकीत. पुढें अमेरिकेंतून पाठविलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं या जाचाची आठवण त्यांस स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. तेव्हां जाचामुळेंच त्या मोठ्या झाल्या, असा अर्थ कोणा पालकानें यांतून काढूं नये. त्या मोठ्या झाल्या त्याचें कारण निराळें होतें.

तें कारण असें. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला. योग्य औषधोपचाराच्या अभावीं तो अवघा दहा दिवस जगला. त्या काळच्या कुलीन स्त्रिया पुरुष वैद्यापुढें जाण्यापेक्षां मरण पत्करीत, आणि स्त्री डॉक्टर तर आपल्या देशांत जवळजवळ नव्हतीच. त्या दहा दिवसांनीं आनंदीबाईंस आयुष्याचें काम नेमून दिलें. इतके दिवस त्या पतीच्या हट्टासाठीं शिकत होत्या. आतां त्या स्वतःच्या निश्चयानें शिकूं लागल्या.

गोपाळरावांनीं अमेरिकेंत मदत मिळविण्याची खटपट आरंभिली होती. कोल्हापुरास अनेक वर्षें मिशनकार्य केलेले रॉयल वाइल्डर हे त्या वेळीं अमेरिकेंत एक मिशनरी मासिक चालवीत असत. त्यांच्याकडे गोपाळरावांचें पत्र गेलें. वाइल्डरसाहेबांच्या उत्तराचा आशय असा होता कीं, या जोडप्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, म्हणजे मार्ग मोकळा होईल. ही अट त्या उभयतांनीं मानली नाहीं. पत्र व उत्तर दोन्ही मासिकांत छापलीं गेलीं, आणि तो विषय तेथेंच संपला असें वाटलें. परंतु १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या एक बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. वाचून त्यांचें मन द्रवलें. त्यांनीं आनंदीबाईंस पत्र धाडलें. पत्रामागून पत्रें गेलीं, आणि एकमेकींस न पाहतांच त्या मावशी-भाची झाल्या.

गोपाळरावांची बदली बंगाल्यांत झाली होती. आनंदीबाई अमेरिकेस जाणार ही वार्ता फुटतांच निंदेस ऊत आला. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सिरामपूर येथें, विल्यम कॅरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८१८ सालीं स्थापिलेल्या कॉलेजच्या दिवाणखान्यांत, अठरावें वर्षही पुरें न झालेल्या या मुलीनें भरसभेंत इंग्रजींत भाषण केलें. आपण कां जातों, एकटीच कां जातों, परत आल्यावर जातीनें वाळींत टाकल्यास काय, अशा एकेक प्रश्नाचें तिनें शांतपणें उत्तर दिलें. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, हेंही तिनें तेथें सांगितलें. ७ एप्रिल रोजीं त्या कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या; पति बरोबर नव्हते. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या, आणि कार्पेंटरबाईंनीं त्यांस आपल्या घरीं नेलें.

आतां त्या अर्जाकडे वळूं. फिलाडेल्फिया येथें १८५० सालीं स्त्रियांकरितां एक वैद्यकीय महाविद्यालय निघालें होतें. त्याच्या व्यवस्थापकांपैकीं आल्फ्रेड जोन्स यांस आनंदीबाईंनीं २८ जून १८८३ रोजीं पत्र लिहिलें. त्यांच्यापाशीं कोणत्या विद्यापीठाची परीक्षा नव्हती, पैसा नव्हता, आणि प्रकृतीही धड नव्हती. अशा स्थितींत दुसरा कोणी काय करता? उणें तें झांकता व अधिक तें फुगविता. आनंदीबाईंनीं प्रवेशाच्या अटींत आपण कोठें उण्या पडतों तें आपण होऊन कबूल केलें. मराठी, हिंदी, बंगाली, कानडी, गुजराथी, संस्कृत व इंग्रजी या सात भाषा येतात, हें साधेपणानें नमूद केलें. आणि मग आपण कशासाठीं आलों तें सांगितलें : पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्याऐवजीं मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस औषधोपचार मिळावा, एवढ्यासाठीं. हा हेतु अर्जासाठीं जुळविलेला नव्हता. त्याच्यामागें दहा दिवसांचें एक मूल उभें होतें.

विद्यालयाच्या मुख्याध्यापिका रेचेल बॉडली व त्यांचे सहकारी यांनीं अर्ज मान्य केला, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाकरितां सहाशें डॉलरांची शिष्यवृत्तीही दिली. ज्यांना आपल्यांतील उणीव ठाऊक आहे व आपलें कार्यही ठाऊक आहे, अशी विद्यार्थिनी त्यांना हवी होती.

पुढचीं तीन वर्षें सोपीं गेलीं नाहींत. परकी हवा, कडाक्याची थंडी, शाकाहाराचा नेम, आणि हळूहळू पोखरणारा आजार. तरी ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं डॉक्टरची पदवी घेतली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनीं आपल्या प्रबंधासाठीं निवडला होता. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडाहून आल्या होत्या. एक ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदु राहिलेली. परंतु देशभगिनींविषयींची तळमळ दोघींची एकच होती.

कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. पण तें काम त्यांच्या हातून होणें नव्हतें. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या क्षयानें जर्जर होऊन मायदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती ठेवण्यांत आली. मावशीनें भाचीस शेवटचा आसरा दिला.

कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीचें फळ काय? एकही रुग्ण त्यांच्या हातून कोल्हापुरांत बरा झाला नाहीं. खरें आहे. परंतु ज्या वाटेनें त्या एकट्या गेल्या, त्या वाटेनें पुढें आपल्या शेंकडों मुली गेल्या.

मी ख्रिस्ती शिक्षक आहें, म्हणून एक गोष्ट मुद्दाम बोलतों. धर्म बदलला असता तर आनंदीबाईंचा मार्ग तीन वर्षें आधींच सुकर झाला असता. त्यांनीं तो बदलला नाहीं, हें मला उणें वाटत नाहीं. उलट त्यांच्याविषयींचा माझा आदर त्यामुळें वाढतो. प्रवेशासाठीं पत्करलेली श्रद्धा ही श्रद्धा नव्हे, तो सौदा होय. आणि अंतःकरण पाहणाऱ्या देवास सौद्याचें काय होय?

विद्यार्थ्यांनो, अर्ज बळकट व्हावा असें वाटणें वाईट नाहीं. मात्र तो लेखणीनें बळकट होत नाहीं. अर्जापूर्वींच्या वर्षांनीं होतो. भाषा शिका, रुग्णसेवा करा, ग्रंथ वाचा. पण तीं कामें तुम्हांस आवडतात म्हणून करा, म्हणजे लिहावयाच्या दिवशीं खोटें लिहिण्याची वेळ येणार नाहीं. जें येत नाहीं तें येत नाहीं असें लिहिण्यास भिऊं नका. आणि पालकहो, आपल्या मुलाच्या अर्जांत आपली महत्त्वाकांक्षा लिहूं नका. तेवढी जागा त्याची त्यालाच असूं द्या.

राहतां राहिला तो मुलगा. कांहीं दिवसांनीं तो पुन्हा मजकडे आला. दोन रविवारांचें खरेंखुरें वर्णन त्यानें स्वतः लिहून आणलें होतें, व तिसऱ्या रविवारीं कां गेलों नाहीं तेंही त्यांत होतें : एका रुग्णाचें कण्हणें त्यास ऐकवलें नव्हतें. मीं त्या कागदाखालीं आनंदानें सही केली.