रूडॉल्फ फिरखो आणि बाळाच्या अंगावरचे लाल लासे

राधानगरीहून बाळाला कोल्हापूरला दाखवायला आणायचे म्हणजे घरातल्या दोघांचा दिवस मोडतो. बाळाच्या गालावर किंवा पाठीवर लाल डाग असतो. सोबत आलेली आजी सांगते की हे लासे आहे, आपोआप जाईल. घरात कुणीतरी आधीच सुनेला बोललेले असते की डोहाळे नीट पुरवले नाहीत, किंवा ग्रहण पाळले नाही. लासे हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हाच घोळ डॉक्टरांच्या भाषेतही शंभरावर वर्षे टिकला होता, आणि त्याचा एक धागा एका फार मोठ्या डॉक्टरपर्यंत जातो.

रूडॉल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील शिफेलबाइन या लहान गावात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती बेताची होती. लष्करी डॉक्टर घडवणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते शिकू शकले. १८४३ मध्ये पदवी घेतली आणि शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम सुरू केले. मृत्यू कशाने झाला हे अंदाजाने न सांगता उघडून पाहायचे, ही सवय त्यांना तिथे लागली.

त्या काळी पायात झालेल्या आणि फुप्फुसात सापडणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा संबंध डॉक्टरांना उमगला नव्हता. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून रक्तासोबत वाहत फुप्फुसात अडकते, हे फिरखोंनी दाखवले. थ्रॉम्बोसिस आणि एम्बोलिझम हे आज रिपोर्टवर दिसणारे शब्द त्यांचेच. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते.

१८४८ च्या सुरुवातीला सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवले. त्यांनी अहवालात औषधांपेक्षा उपासमार, दाटीवाटीची घरे आणि शाळांचा अभाव यांवरच जास्त लिहिले. सरकारला ते रुचणे शक्य नव्हते. त्यात परत येताच ते बर्लिनमधील क्रांतीत उतरले. पुढच्याच वर्षी त्यांना शहर सोडून व्युर्झबुर्गला जावे लागले. १८५६ मध्ये बर्लिननेच त्यांना सन्मानाने परत बोलावले. पुढे ते नगरपरिषदेत आणि संसदेत गेले, बिस्मार्कशी त्यांनी उघड वैर घेतले आणि बर्लिनच्या सांडपाण्याच्या गटारांसाठी वर्षानुवर्षे भांडले. माझ्या मते या गटारांनी वाचवलेले जीव त्यांच्या ग्रंथांपेक्षा कमी नसावेत.

१८५८ मध्ये त्यांची पेशींवरची व्याख्याने पुस्तकरूपाने आली. रोग संपूर्ण शरीरात गूढपणे पसरत नाही, तो पेशीत सुरू होतो, आणि प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीतूनच येते, हा त्यांचा विचार आजही पॅथॉलॉजीचा पाया आहे.

आपला विषय इथे येतो. १८६० च्या दशकात फिरखोंनी गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला. रक्तवाहिन्यांच्या गाठींना त्यांनी अँजिओमा म्हटले आणि त्यांचे तीन प्रकार केले : बारीक वाहिन्यांचा साधा, पोकळ्यांचा, आणि फुगलेल्या वेड्यावाकड्या वाहिन्यांचा. हातात सूक्ष्मदर्शक होता आणि जे दिसले त्यावरून नाव दिले. पण डाग पुढे कसा वागेल हे त्या नावावरून कळत नव्हते. त्यामुळे वर्षभरात वाढून नंतर विरणारी गाठ आणि जन्मभर राहणारा डाग, दोन्हींना सर्रास हिमँजिओमा म्हटले जाऊ लागले.

हा गुंता १९८२ मध्ये अमेरिकेत मलिकन आणि ग्लोवाकी यांनी सोडवला. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढत आहेत की नाहीत, एवढे त्यांनी पाहिले. वाढत असतील तर हिमँजिओमा. वाढत नसतील, वाहिनीची घडणच मुळात चुकली असेल, तर ती विकृती. फिरखोंच्या वर्गवारीतली उणीव अशी पेशींकडे पाहूनच भरून निघाली.

हा फरक तुमच्या बाळासाठी महत्त्वाचा आहे. हिमँजिओमा बहुधा जन्मानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो, पहिले काही महिने झपाट्याने वाढतो आणि मग काही वर्षांत हळूहळू विरतो. अनेकांना औषध लागत नाही. पण डाग डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर असेल, हनुवटीभोवती असून श्वासाला आवाज येत असेल, कमरेच्या मध्यभागी असेल, चिघळला असेल, किंवा असे पाच वा अधिक डाग असतील, तर वाट पाहू नका. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच दाखवा. २००८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे योगायोगाने लक्षात आले की प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधाने हिमँजिओमा आटतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि दूध पाजतानाच द्यायचे असते, नाहीतर साखर उतरते. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. आजोबांच्या गोळीचा तुकडा देऊ नका. चुना लावणे, डागणे यांनी फक्त व्रण उरतो.

जन्मतःच असलेला, सपाट, गुलाबी-जांभळा डाग मात्र वेगळा. त्याला पोर्टवाइन डाग म्हणतात. तो बाळासोबत वाढतो आणि आपोआप जात नाही. लेझरने फिका होतो, त्यासाठी अनेक बैठका लागतात आणि लवकर सुरुवात केलेली बरी. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्या, आणि फिट आली तर लगेच रुग्णालय गाठा. या डागामागे बहुतेक वेळा जीएनएक्यू नावाच्या जनुकातला बदल असतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. तो बदल गर्भ राहिल्यानंतर बाळाच्याच काही पेशींत होतो. आईच्या डोहाळ्यांशी, ग्रहणाशी किंवा वडिलांच्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. मानेच्या मागे, केसांखाली दिसणारा फिकट गुलाबी डाग मात्र निरुपद्रवी असतो. त्याच्यासाठी एसटीचे भाडे खर्च करू नका.

रडताना किंवा अवयव खाली सोडल्यावर फुगणारी निळसर मऊ गाठ शिरांची असते. तिच्यात औषध टोचून ती आटवता येते. गरम लागणारी, हाताला ठोके देणारी गाठ जास्त जोखमीची. राधानगरी धरणाचे पाणी नदीतून पाटात, पाटातून सऱ्यांत आणि मग पिकाला मिळते. मधले पाट आणि सऱ्या नसतील तर सगळा लोंढा एकदम पुढे जाईल आणि शिवार कोरडे राहील. या गाठीत धमनीचे रक्त केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेत शिरते. ती घाईने कापली तर रक्तस्राव आवरत नाही आणि गाठ पुन्हा वाढू शकते. म्हणून आधी बारीक नळीतून आत जाऊन ती वाट मुद्दाम बुजवतात. या उपचाराचे नाव एम्बोलायझेशन. फिरखोंनी ज्या अडथळ्याला मृत्यूचे कारण म्हणून ओळखले, तोच आता उपचार झाला आहे.

फिरखो चुकलेही. प्रसूतीआधी हात धुवा म्हणणाऱ्या सेमेलवाइसचे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही आणि जंतूच रोगाचे कारण असतात हे त्यांना कधी पुरते पटले नाही. जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्राममधून उतरताना त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

बाळाला दाखवायला येताना आठवड्याला एक असे, दिवसाच्या उजेडात काढलेले डागाचे फोटो मोबाइलवर आणा. डाग जन्मतः होता की नंतर आला, वाढतोय की नाही, हे त्यांवरून बरेचदा पाहता क्षणी कळते.