वाळूवर उद्यान रचणारा सरदार

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंडच्या सीमेलगत, मुस्काऊचे माळरान पसरलेले आहे. हिमयुगाने मागे ठेवलेली वाळू, तिच्यात तग धरून राहिलेले पाइन वृक्ष, जांभळ्या फुलांची हीथ नावाची खुरटी झुडपे आणि पडलेला पाऊस क्षणात गिळून टाकणारी जमीन, असे त्या प्रदेशाचे रूप. अशा जमिनीवर युरोपातील एक श्रेष्ठ उद्यान उभे राहावे हेच नवल. त्यातही ते उभारणारा मनुष्य कोणी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, तर कर्जात आकंठ बुडालेला एक विलासी सरदार होता.

हर्मान फॉन प्युक्लर याचा जन्म ३० ऑक्टोबर १७८५ रोजी मुस्काऊच्या गढीत झाला. आईवडिलांचा संसार मोडल्यामुळे बालपण वसतिगृहांत गेले. कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून तो सैन्यात शिरला; तेथे विद्येपेक्षा देणी अधिक जमली. १८११ साली वडील वारले आणि विस्तीर्ण जहागीर त्याच्या हाती आली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धानंतर त्याने इंग्लंड पाहिले. कुंपणे लपवलेली, हिरवळ, पाणी आणि वृक्षांचे पुंजके जणू निसर्गानेच मांडावेत तशी रचलेली तेथील उद्याने त्याच्या मनात घर करून बसली. १८१५ मध्ये त्याने मुस्काऊच्या नागरिकांना जाहीर आवाहन करून नायसे नदीच्या दोन्ही काठांवरील जमिनी आपल्याला विकत देण्याची विनंती केली, आणि काम सुरू झाले.

त्या कामाचा आवाका आजही थक्क करतो. नदीचा एक फाटा खोदून गढीजवळून वळवण्यात आला, तळी खणली, दुरून आणलेली सुपीक माती वाळूवर पसरली. वाढलेले मोठे वृक्ष मुळांसकट उपटून गाड्यांवरून आणून लावले. रोपटे वाढेपर्यंत थांबण्याइतका धीर या गृहस्थाजवळ नव्हता. रेडर नावाचा निष्ठावंत माळी त्याच्या कल्पना जमिनीवर उतरवीत असे. खर्च मात्र जहागिरीच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे धावत होता.

१८१७ साली त्याने प्रशियाचा चॅन्सेलर हार्डेनबर्ग याची कन्या लुसी हिच्याशी विवाह केला. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, घटस्फोटित, आणि उद्यानाच्या वेडात त्याची पुरेपूर भागीदार होती. तिची संपत्तीही त्या वाळूत जिरली. मग १८२६ मध्ये दोघांनी जे केले त्याला इतिहासात फारशी तोड नसेल. उद्यान वाचवण्यासाठी त्यांनी संमतीने घटस्फोट घेतला. प्युक्लरने इंग्लंडात जाऊन एखादी श्रीमंत वधू मिळवावी आणि लुसीने मुस्काऊतच राहावे, असा बेत होता. ही सूचना लुसीचीच म्हणतात. तशी ती असली तरी त्या त्यागाचा भार दोघांवर सारखा पडला नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

वधू मिळाली नाही. त्याचा हेतू लंडनच्या दिवाणखान्यांत लवकरच सर्वांना कळला आणि मुलींचे वडील सावध झाले. पण इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमध्ये भटकताना त्याने लुसीला सविस्तर पत्रे लिहिली. जहागिरी, उद्याने, शर्यती, मेजवान्या, आयरिश नेता डॅनियल ओकॉनेलची भेट, सारे त्यांत होते. १८३० पासून ती पत्रे एका मृत माणसाची पत्रे म्हणून निनावी प्रसिद्ध झाली आणि अफाट खपली. खुद्द गटेने त्यांची वाखाणणी केली. वधूने जे आणले नाही ते काही अंशी लेखणीने आणले. १८३४ मध्ये उद्यानरचनेवरील त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. प्रवासवर्णने आता कोणी फारशी वाचत नाही. हा ग्रंथ मात्र उद्यानतज्ज्ञ अजून उघडतात. सामान्य जर्मन माणसाला तर त्याचे नाव ठाऊक आहे ते त्याच्या नावाच्या तीनरंगी आइस्क्रीममुळे!

पुढची काही वर्षे उत्तर आफ्रिका आणि पूर्वेकडील देशांत गेली. त्या प्रवासात त्याने गुलामांच्या बाजारातून एक कोवळी आफ्रिकी मुलगी विकत घेतली. मखबूबा या नावाने ती ओळखली जाते. तो तिला मुस्काऊला घेऊन आला. ऑक्टोबर १८४० मध्ये ती तेथेच आजाराने मरण पावली. त्या वेळी तो तिच्याजवळ नव्हता. अनेक चरित्रकारांनी याची प्रेमकथा केली आहे. विकत घेतलेल्या मुलीला नकार देण्याची सोय होती काय, याचा विचार त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केला. तिचे थडगे मुस्काऊच्या दफनभूमीत आहे.

१८४५ साली कर्जापुढे हात टेकून त्याने मुस्काऊ विकले. तीस वर्षांचे काम परक्याच्या हाती गेले तेव्हा तो साठीला पोहोचला होता. दुसरा कोणी असता तर थकला असता. प्युक्लर कोटबुस शहराजवळच्या ब्रानित्स या वडिलोपार्जित जागेवर आला. तेथील जमीन सपाट आणि उजाड, डोंगर नाही. त्याने तळी खणली आणि निघालेल्या मातीच्या टेकड्या केल्या. पुन्हा गाड्यांवरून वृक्ष आले. घटस्फोटानंतरही त्याच्याच सोबत राहिलेली लुसी १८५४ मध्ये ब्रानित्स येथे वारली. इजिप्तची आठवण म्हणून त्याने मातीचे दोन पिरॅमिड रचले. त्यांतील एक तळ्याच्या मध्यावर आहे. शरद ऋतूत त्यावरील वेली लालभडक होतात.

४ फेब्रुवारी १८७१ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, प्युक्लरचे निधन झाले. दहनाला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून त्याच्या इच्छेनुसार हृदय आम्लात विरघळवून देह क्षारांत ठेवला गेला आणि तळ्यातल्या पिरॅमिडमध्ये पुरला गेला. १८८४ मध्ये लुसीचे अवशेषही तेथे आणले गेले.

मुस्काऊचे नशीब निराळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गढी जळाली, पूल उद्ध्वस्त झाले आणि नायसे नदी दोन देशांची सीमा बनली. सुमारे साडेपाचशे हेक्टरांच्या उद्यानाचा मोठा भाग पोलंडात गेला. २००३ साली नदीवरचा जुना जोडपूल पुन्हा उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने दोन्ही काठांना मिळून एकच जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.