डिकन्स घरी येतात

इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ च्या जानेवारीत पत्नीसह अमेरिकेस गेले. चारही मुले लंडनलाच राहिली. धाकटा वॉल्टर वर्षाचाही नव्हता. चौघांचे एक चित्र मात्र सोबत होते. मुक्काम कोठेही पडो, ते मांडले जाई. अमेरिकेत सत्कार उदंड झाले, पण जीव मुलांपाशी! वडील कर्जापायी तुरुंगात असता बारा वर्षांचे डिकन्स कारखान्यात बूटपॉलिशच्या डब्यांना लेबले चिकटवीत होते. ताटातूट त्यांनी भोगलेली होती. जूनअखेर ते परतले. साडेपाच वर्षांच्या चार्लीला तो आनंद सोसवेना. त्याला चक्क झटके आले, डॉक्टर बोलवावे लागले. सुदैवाने तो सावरला. पुढे या घरात एकूण दहा मुले जन्मली. अमेरिकेहून आणलेल्या झुलत्या खुर्चीत बसून डिकन्स मुलांना झोपण्यापूर्वी विनोदी गाणी म्हणून दाखवीत.